स्पेनची वाईन आणि काळ्या वाटाण्याची आमटी

अनू आणि निखिल,

तुम्ही मित्राच्या हातून पाठवलेली बाटली परवा पोचली. मिरजोळ्याला त्याच्या भावाचा कारखाना आहे, तिथून तो रिक्षा करून आला आणि त्याने ती पिशवी इतक्या जपून माझ्या हातात दिली की मला वाटलं, आत तान्हं मूल आहे. फोनवर अनू म्हणाली होती, "आजी, ही स्पेनची लाल वाईन. तीन जातींच्या द्राक्षांची. जबरदस्त आहे. तू नुसती चव तर बघ." मागून निखिल ओरडला, "आणि बरोबर काय खाणार? वरणभात?" दोघंही हसलात. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र माझ्या लक्षात आलं, की या प्रश्नाचं उत्तर मला येतं. वरणभाताबरोबर ती वाईन अजिबात जात नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि तेव्हा तुमची आईसुद्धा जन्मली नव्हती.

एरवी मी तुम्हाला इंग्रजीत लिहिते, तुमच्या सोयीसाठी. हे मात्र मराठीत लिहिते आहे. ज्या जिभेने चाखलं, तिनेच सांगावं. सावकाश वाचा, अडलात तर आईला विचारा. आजच लिहायचं कारण एवढंच, की वैशाख आहे. अंगणात कोकमं फोडून वाळत घातली आहेत, त्यांचा रंग माझ्या नखांत बसला आहे. मागच्या फणसाला इतका वास सुटला आहे की दुपारी झोप येत नाही. आणि त्या स्वयंपाकघरात जेवलेल्यांपैकी आता मी एकटी उरले आहे. मी लिहिलं नाही, तर तुम्हाला कोण सांगणार?

मी मॅट्रिक झाले त्या सालची गोष्ट. घरात आम्ही चारच माणसं होतो. माझे वडील, अण्णा, हायस्कुलात इंग्रजी शिकवत. त्यांची आई, जिला सारी आळी बय म्हणे. मी. आणि माझी वहिनी. आई माझ्या लहानपणीच गेली होती. दादा मुंबईला एका कचेरीत कारकून होता, शिमग्याला आणि गणपतीला यायचा. म्हणजे घर चालत होतं ते वहिनीच्या हातांवर. आड, चूल, उखळ, गोठा, सगळं तिचं. बय फक्त देवघर आणि हुकूम सांभाळायची.

वहिनी माझ्याहून फार मोठी नव्हती, पण मला "अहो वन्सं" म्हणायची. मी तिला कितीदा सांगितलं, नावाने हाक मार. ती म्हणे, "बय ऐकेल तर माझी चटणी वाटेल." आणि मग वाटता वाटताच हसायची. तिचं हसणं पाट्यावर खोबरं वाटल्यासारखं असायचं, ओलं आणि लयीत. त्या फाल्गुनात ते थांबलं.

हिवतापाने तिला धरलं. क्विनाइनने ताप उतरला, पण जाताना भूक घेऊन गेला. तिच्या जिभेवर म्हणे सतत कडूच असायचं, पाणीसुद्धा कडू. पेज पुढे ठेवली की ती वाटीच्या कडेवरून बोट फिरवत बसे. बांगड्या कोपरापर्यंत वर जाऊ लागल्या. एकदा आडावर रहाट ओढताना तिच्या हातातली एक बांगडी निसटून पाण्यात पडली, तर ती तिथेच बसून राहिली, जणू पुढचं बोलावणं आता तिलाच येणार होतं.

आमचे डॉक्टर पलटणीतून निवृत्त झालेले, मोठ्या आवाजाचे. ते पायरीवर उभे राहून अण्णांना म्हणाले, "मास्तर, ताप मी उतरवला. आता हिने खाल्लं नाही, तर ही पावसाळा काढणार नाही. स्पष्ट सांगतो." मी दाराआड होते. वहिनीही माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. तिने सगळं ऐकलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, "वन्सं, लिंबाचं लोणचं घालायचं राहिलंय हो."

त्या काळी डॉक्टर अशक्त माणसाला लाल वाईन सांगत. तुम्हाला मौज वाटेल, पण औषधांच्या दुकानात ती मिळे. तशी एक गोड, पाकासारखी बाटली आणली. वहिनीने एक चमचा घेतला आणि लगेच मोरीकडे धावली. डॉक्टर म्हणाले, "गोड नको हिला. तुरट, दणकट, कोरडी वाईन पाहिजे. ती जेवण ओढून घेते. पण रत्नागिरीत कुठून मिळणार?"

ती गावातल्याच राजीवड्याहून आली. दाऊदचाचा मालवाहू आगबोटीवर सलूनमध्ये, म्हणजे साहेबांच्या जेवणखोलीत, वाढपी होते. अण्णांचे लहानपणचे सोबती. दोघांनी एकाच शेंदऱ्या आंब्यावर दगड मारले होते. पावसाळ्याला समुद्र बंद होण्याआधी ते सुट्टीवर घरी आले की पहिल्या दिवशी आमच्या पडवीत येऊन बसत. त्या वर्षी त्यांनी सोबत वेताच्या जाळीत बसवलेली एक फुगीर बाटली आणली होती. केवढी मोठी! घागरीची धाकटी बहीणच. बार्सिलोना बंदरात बोट सोडताना कप्तानाने खूष होऊन दिलेली. चाचा स्वतः थेंबही घेत नसत. डॉक्टरांना भेट द्यावी म्हणून आणली होती, आणि डॉक्टरांनी त्यांना तशीच आमच्या घराकडे पिटाळलं.

अण्णा कपाळाला हात लावून बसले. तेव्हा गावात दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंग चाललं होतं, आणि अण्णा शाळेत मुलांना त्याच विषयावर निबंध घालत होते.

"दाऊद, दारू? माझ्या घरात?"

"मास्तर, तुमच्याकडे लाज, आमच्याकडे तर हराम," चाचा म्हणाले. "पोरीसाठी दोघांनी निम्मं निम्मं वाटून घेऊ. वर हिशेब होईल तेव्हा मी तुमचं नाव सांगीन, तुम्ही माझं सांगा."

बय आतून सगळं ऐकत होती. तिने उंबऱ्यात येऊन निकाल दिला, "औषध म्हणजे गंगेचं पाणी. आत आण रे दाऊद. आणि मास्तरा, तू उठ तिथून, लहान पोरासारखा बसू नको."

बूच काढलं तो क्षण मला आजही आठवतो. आमच्या पडवीत खोबरेल, शेण, सुकी मासळी आणि पुस्तकं यांचे वास कायमचे मुक्कामाला होते. त्यांच्यात हा नवा वास असा आला, की सगळ्यांनी जरा सरकून त्याला जागा दिली. पहिल्यांदा करवंद. पिकून काळं झालेलं, जाळीतच उन्हाने तापलेलं करवंद. मग जांभूळ. मागून मिरीचा झटका, आणि सगळ्यांत शेवटी काजूच्या बोंडांची भट्टी दुरून यावी तसा थोडा धूर. रंग तर असा, की वाटीचा तळ दिसेना.

"तीन द्राक्षं आहेत यात," चाचा म्हणाले. "तिथला खलाशी मला सांगत होता. एक रंगाला, एक अंगाला, एक आंबटाला. एकटं कुठलंच चालत नाय. एकटं रंगाचं घेतलं तर नुसती शाई, एकटं अंगाचं घेतलं तर डोकं धरतंय."

"भाजणीच की मग," बय म्हणाली. "त्यात काय मोठं? नुसत्या तांदळाचं थालीपीठ कोण खातंय?"

तुमच्या बाटलीवर ज्याला ब्लेंड म्हटलं आहे, त्याला माझ्या आजीने भाजणी म्हटलं, आणि त्याहून चांगला शब्द मला अजून मिळालेला नाही.

डॉक्टरांचा हुकूम असा, की लहान वाटीभर घ्यायची, जेवणाच्या मधे, घोट घोट. रिकाम्या पोटी नाही, जेवण उरकल्यावर नाही. घास, घोट, घास. चाचांनी वर सांगितलं, की वैशाखात ती गरम होऊन भडकते, तिला गार ठेवा. म्हणून आम्ही ती लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरली, बुचांवर मेण ओतलं, आणि रोज लागेल ती बाटली टोपलीत घालून आडात सोडली. बाटली गळ्याशी रिकामी ठेवायची नाही, वारा आत शिरला की माल बिघडतो, हे बयला सांगावं लागलं नाही. कोकमाचं आगळ ती जन्मभर तसंच भरत आली होती.

पण त्या आगळानेच तिला चकवलं.

बयने बोट बुडवून चाखलं. लाल, आंबट, तुरट. तिच्या जगात या तीन गुणांची एकच वस्तू होती. "हे आगळच आहे, मीठ घालायला विसरलेत मेले," असं म्हणून ती कामाला लागली. नारळ खवला, दूध काढलं, लसूण आणि हिरवी मिरची ठेचली, मीठ घातलं, आणि त्यात स्पेनची वाईन ओतली. सोलकढीचा तो गुलाबी रंग येईल म्हणून आम्ही पातेल्यात डोकावून बसलो होतो. दूध फाटलं. राखाडी पाण्यावर जांभळ्या चिंध्या तरंगू लागल्या. वास तर असा आला, की मांजर उठून माडाखाली गेलं.

वहिनीला तपासायला आलेले डॉक्टर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "बय, लढाईत मी पुष्कळ काही पाहिलं, पण हे नव्हतं पाहिलं!"

"तुमच्या लढाईत नारळ नव्हते," बय म्हणाली आणि पातेलं उकिरड्यावर ओतून आली. वहिनी खांबाला टेकून बसली होती. तिच्या ओठांची एक कड किंचित वर गेली. बयने ते पाहिलं. मला वाटतं, त्या घटकेपासून बयने ठरवून टाकलं, की या परक्या लाल पाण्याला आपल्या घरात जेवणाचा जोडीदार शोधून द्यायचाच.

शोध सोपा नव्हता. बांगड्याच्या तिखल्याबरोबर वहिनीने घोट घेतला आणि म्हणाली, "जिभेवर खिळा ठेवल्यासारखं वाटतंय." खरंच आहे ते. तेलकट मासळी आणि तुरट वाईन एकत्र आली की तोंडात लोखंड होतं. तुम्हीही करून बघा, म्हणजे पुन्हा करणार नाही. वरणभाताबरोबर वाईन नुसती आरडाओरडा करते, बिचारं वरण कोपऱ्यात बसतं. हापूस आंब्याबरोबर तर ती आंबूस पाणी होऊन गेली. आंब्याला दुसऱ्याची बाजू ऐकून घ्यायची सवयच नाही.

आठवडा गेला, वहिनीचा घास वाढेना. बय वैतागली. एक दिवस दुपार कलल्यावर ती स्वयंपाकघरात आली. वहिनी पान घेऊन बसली होती, बाजूला वाईनची वाटी. बय तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "बघू दे मला, नक्की कुठे अडतंय ते." तिने वहिनीच्या पानातला आमटीभाताचा घास उचलून तोंडात घातला.

घास तोंडातच राहिला. मग तिने तो कसाबसा गिळला.

"हे गार आहे गो."

"असतं बय."

"आज उशीर झाला काय?"

"नाही. रोजचीच वेळ."

त्या घराची रीत सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल. पहिली पंगत अण्णांची आणि आल्या-गेल्याची. शाळा असायची म्हणून मला त्यांच्याबरोबर वाढत. मग बयची पूजा उरकली की बयचं पान. मग गडी. मग भांडी गोळा करून, चूल सारवून, उरलेल्यात वहिनी. मासा असला तर शेपटीकडचा. ही रीत कुणी दुष्टपणाने घातली नव्हती. बय स्वतः तशीच जेवली होती, तिची सासूही. पण बय सासू होऊन इतकी वर्षं झाली होती, की गार भाताची चव ती विसरून गेली होती.

तिने वहिनीचं पान पुढून ओढून घेतलं, गाईला घातलं, आणि स्वतः चुलीपुढे बसली. बयला चूल फुंकताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिने कुळथाचं पिठलं टाकलं, तांदळाची भाकरी थापली, आणि तव्यावरून थेट वहिनीच्या पानात वाढली. "आता घे. घास, घोट, घास. मी बसल्ये हितं."

त्या दिवशी वहिनीने अर्धी भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाट मांडले गेले, तेव्हा अण्णांच्या ओळीत तिसरा पाट होता. अण्णांनी तो पाहिला, आईकडे पाहिलं. सून सासऱ्याच्या पंगतीला ही गोष्ट आमच्याकडे ऐकलेलीही नव्हती. वहिनी दारात अर्धी आत, अर्धी बाहेर, डोक्यावरचा पदर धरून उभी.

"औषध आहे," बय म्हणाली. "गरम अन्नाबरोबर घ्यायचंय. डॉक्टरांनी सांगितलंय. बस गो."

अण्णा उठले. मला वाटलं, रागाने जातात. त्यांनी आपला पाट उचलून जरा तिरका केला, भिंतीकडे तोंड होईल असा, आणि पुन्हा बसले. तिला लाजायला होऊ नये म्हणून. पुढे कित्येक दिवस माझे वडील भिंतीकडे बघून जेवले, आणि आम्ही दोघी त्यांच्या पाठीमागे गुपचूप हसत जेवलो.

शेजारच्या काकूंना बातमी कळायला वेळ लागला नाही. आडावर त्यांनी बयला गाठलं. "ऐकलं ते खरं काय गो? सून पहिल्या पंगतीला, आणि हातात प्याला?"

"प्याला नाय, वाटी," बय म्हणाली. "आणि तुझी सून जेवते कधी, विचारलंस कधी तिला?"

काकू घागर अर्धी भरूनच गेल्या.

आता जोडीदाराबद्दल, कारण निखिलला तेच हवं आहे. गरम वाढायला लागल्यावर वाईनचा स्वभाव उलगडत गेला. तिला नाजूक काही नको असतं. तिला भाजलेलं, खरपूस, मातकट पाहिजे. फणसाच्या आठळ्या निखाऱ्यात भाजून, साल काढून, मीठ लावून दिल्या, तेव्हा वहिनी पहिल्यांदा आपणहून म्हणाली, "वन्सं, हे छान लागतंय." ओल्या काजूच्या उसळीने तिचा तुरटपणा मऊ केला. निखाऱ्यात भाजलेल्या वांग्याच्या भरिताशी तिचं अगदी बहिणीसारखं जमलं.

पण खरी गाठ पडली ती काळ्या वाटाण्याच्या आमटीशी. बयने वाटाणे आदल्या दिवशी भिजत घातले होते. सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजला, धणे, मिरी, लवंग, वाटून वाटून रेशमासारखं वाटण केलं. आमटी उकळली तेव्हा तिचा रंग कातळासारखा होता. वहिनीने आमटीत भाकरी बुडवून घास घेतला, वर वाईनचा घोट, आणि थांबली. डोळे मिटले. आम्ही सगळे थांबलो. अण्णांनी भिंतीकडचं तोंडसुद्धा वळवलं.

"काय झालं गो?" बय घाबरून म्हणाली.

"काही नाही बय. कडू गेलं."

त्या वाईनचं मला आज जे कौतुक वाटतं ते याचं. ती एकटी घेतली तर उद्धट वाटते, ओठ आवळून घेते. पण समोर तिच्या तोडीचं काही आलं, की ती स्वतः मागे सरकते आणि त्याला पुढे करते. भाजलेल्या खोबऱ्याचा गोडवा मला त्या दिवसापर्यंत कळला नव्हता, इतकी वर्षं खाऊनही. दुसऱ्याची चव वाढवून आपली राखणारं पेय विरळा. माणसंही थोडीच असतात तशी.

मग चाचांनी बकऱ्याचं मटण पाठवलं. ते घरातल्या चुलीवर शिजत नसे, मागीलदारी वेगळी चूल होती. बय पदर नाकाला लावून दुरून सूचना देत होती आणि मी ढवळत होते. "मिरी घाल आणखी. आणखी गो! ती वाईन काय लेचीपेची आहे?" आधी नावं ठेवणारी बाई, आता तिची वकिली करत होती. चाचा कुंपणाशी उभे राहून वहिनीच्या तोंडाकडे बघत होते. "मी तोंडं बघूनच शिकलो," ते म्हणत. "साहेबाच्या भुवया वर गेल्या की प्लेट बरोबर आहे."

त्या दिवशी पाट मागच्या पडवीत मांडले होते. वहिनीने मटणाचा रस्सा घेतला, घोट घेतला, पुन्हा रस्सा घेतला. मग मान खाली घालून हळूच म्हणाली, "आणखी एक भाकरी मिळेल?"

तिने मागितलं. ती या घरात आल्यापासून मी तिला स्वतःसाठी काही मागताना पहिल्यांदा ऐकत होते. चाचा म्हणाले, "भुवया गेल्या वर!" अण्णांनी सुनेशी थेट बोलायची रीत नव्हती, पण ते भिंतीला उद्देशून म्हणाले, "तिला दोन वाढा." आणि बय चुलीकडे वळली ती बराच वेळ मागे फिरलीच नाही. धूर फार झाला होता म्हणाली. धूर नव्हता.

काल दुपारी मी तुमची बाटली उघडली. इथे आड नाही, फ्रिज आहे, त्यात थोडा वेळ ठेवली. स्वयंपाकाला कमल येते, बुरोंडीची आहे, माशांत तिचा हात धरणारं कुणी नाही. तिला म्हटलं, आज मासे नकोत, काळा वाटाणा कर. आम्ही दोघी समोरासमोर बसलो. कमलने आधी नाक मुरडलं, मग घोट घेतला, आणि म्हणाली, "आजी, ह्याला करवंदाचा वास कसा ओ?" मला फार बरं वाटलं. तुमची वाईन त्या वेळेपेक्षा गुळगुळीत आहे, शिकून सवरून आल्यासारखी. ती जुनी जरा रांगडी होती, बंदरावरची. पण घराणं एकच. आमटीला पाहून तिने मान झुकवली ती अगदी तशीच.

ज्येष्ठ संपत आला तसा पावसाने जोर धरला. वहिनीच्या बांगड्या मनगटावर थांबू लागल्या. ती पुन्हा पाट्यावर बसली, वाटताना गाऊ लागली. डॉक्टर आले, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, म्हणाले, "रक्त आलं. आता आषाढ येवो नाहीतर श्रावण."

पण मला एक गोष्ट दिसत होती. वहिनी वाटीत वाईन रोज थोडी कमी ओतून घ्यायची. आडातल्या टोपलीत हात घालून बाटल्या चाचपायची. मी विचारलं, "आवडायला लागली काय गो वहिनी?" ती म्हणाली, "वाईन नव्हे हो वन्सं. ती संपली, की पाट संपला."

मला तर पहिल्यापासून गरम मिळत होतं.

शेवटची बाटली संपली त्या दिवशी तिने ती राखेने घासून स्वच्छ धुतली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पाट मांडले. दोनच. वहिनीने स्वतःचा पाट भिंतीला टेकवून ठेवला होता, आणि ती चुलीजवळ वाढायला उभी राहिली, पदर नीट खोचून, जणू मधले दोन महिने कुणी पाहिलेच नव्हते. अण्णा बसले, मी बसले. बय सोवळ्यात देवघरातून आली आणि दारात थबकली.

"तिसरा पाट कुठे गेला?"

"बय, औषध संपलं," वहिनी म्हणाली.

बाहेर कौलांवरून पाणी धो धो पडत होतं. बयने वहिनीकडे पाहिलं, भिंतीकडच्या पाटाकडे पाहिलं.

"औषध संपलं," बय म्हणाली. "भूक संपली काय?"

बय सोवळ्यातच पुढे आली, पाट उचलला, आणि मांडला. मग जरा विचार करून आणखी एक पाट ओढला आणि त्यावर स्वतः बसली. "मधे भांडी ठेवा सगळी," ती म्हणाली. "ज्याला लागेल तो घेईल. माझीही आमटी रोज कोमटच असते, मी बोलल्ये काय कधी?"

अण्णांनी पाट सरळ केला.

वहिनी त्यानंतर पुष्कळ जगली, बय, अण्णा, दादा सगळ्यांच्या मागे राहिली, आणि शेवटपर्यंत चांगलं जेवली. सगळ्यांनी एकत्र जेवायची ती रीत मी सासरी नेली, सुरुवातीला फार बोलणी खाल्ली, पण नेली. तुमच्या आईने ती माझ्याकडून घेतली आणि तुमच्याकडे आणली. तुम्ही तिला ओट्याशी उभं राहून सगळ्यांच्या मागून जेवताना कधी पाहिलेलं नाही, आणि त्यात काही विशेष आहे असं तुम्हाला वाटलंही नसेल. चाचांची वेताची जाळी वाळवीने खाल्ली. माहेरचं ते घर विकलं. पण माझ्या आणि तुमच्या घरात जी रांधते, ती आजही सगळ्यांबरोबर बसते, आणि गरम जेवते.